कुळाचा शोध आणि कुळांचा इतिहास

मराठी भाषेत ‘कूळ’ या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. वंश, घराणे, मूळ पुरुषापासून चालत आलेली परंपरा हा एक. आणि दुसऱ्याच्या मालकीची जमीन खंडाने कसणारा शेतकरी हा दुसरा. पहिल्या अर्थाभोवती प्रतिष्ठेचे वलय आहे. दुसऱ्यावर थकलेल्या खंडाची आणि बेदखलीची छाया आहे. हे दोन्ही अर्थ एकाच कागदावर भेटावेत, असा प्रसंग क्वचितच येतो. परदेशी गेलेल्या आयरिश कुटुंबांचे वंशज आपल्या पूर्वजांचा माग काढू लागतात तेव्हा मात्र तो हटकून येतो. शोधायला निघतात ते पहिल्या अर्थाचे कूळ, आणि हाती लागते ते दुसऱ्या अर्थाचे.

अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत सुमारे ३ कोटी ८६ लाख लोकांनी आपले मूळ आयरिश असल्याचे नोंदवले. खुद्द आयर्लंड बेटाची लोकसंख्या, प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड मिळून, ७० लाखांच्या आसपास आहे. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्रिटन येथील आयरिश वंशाचे लोक वेगळेच. यांपैकी अनेकजण दरवर्षी डब्लिनची वाट धरतात. किल्डेअर स्ट्रीटवरील राष्ट्रीय ग्रंथालयात आणि बिशप स्ट्रीटवरील राष्ट्रीय अभिलेखागारात जाऊन बसतात. बहुतेकांजवळ एक आडनाव, एका काउंटीचे नाव आणि आजीने सांगितलेली एखादी गोष्ट यापलीकडे काही नसते. या धडपडीकडे सुखवस्तू माणसांचा फावल्या वेळचा छंद म्हणून पाहण्याची पुरोगामी वर्तुळांत रीत आहे. वंशाभिमानाने जगाचे केलेले नुकसान पाहता ही रीत अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. तथापि हा शोध ज्या कागदांतून चालतो ते कागद कोणी लिहिले आणि कशासाठी लिहिले हे पाहिले, म्हणजे प्रश्न छंदाचा राहत नाही. गरिबांच्या स्मृतीची मालकी कोणाकडे असावी, असा तो प्रश्न होतो. आणि त्याच्या उत्तरावर आजच्या स्थलांतरितांचेही भवितव्य बऱ्याच अंशी अवलंबून आहे.

नोंद होते ती देण्याची

आयरिश पूर्वजाचा शोध घ्यायचा तर नुसते काउंटीचे नाव पुरत नाही. तेथील जमिनीची सर्वात लहान, नाव असलेली विभागणी म्हणजे ‘टाऊनलँड’. नावात ‘टाऊन’ असले तरी तिचा शहराशी संबंध नाही. आपल्याकडील वाडी आणि तिचे शिवार यांच्याशीच तिची तुलना करता येईल. अशा टाऊनलँड साठ हजारांहून अधिक आहेत आणि पुष्कळांची नावे सारखीच आहेत. पूर्वज नेमक्या कोणत्या टाऊनलँडचा हे कळल्याशिवाय पुढचा दरवाजा उघडत नाही. कारण एकाच काउंटीत एकाच नावाची शेकडो माणसे सापडतात.

हा दरवाजा उघडला की आत काय असते? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धासाठी दोन साधने प्रमुख मानली जातात. पहिले म्हणजे १८२३ ते १८३८ या काळात तयार झालेली धर्मपट्टीची पुस्तके. अँग्लिकन चर्चच्या पोषणासाठी देशातील सर्व शेतकऱ्यांकडून, मग ते कॅथलिक असोत वा अन्य पंथाचे, सक्तीने पट्टी वसूल केली जात असे. कोणाकडे किती जमीन आणि कोणी किती द्यायचे याची ही यादी. दुसरे साधन रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झालेले मालमत्तेचे मूल्यांकन. दरिद्री-निर्वाहाच्या कायद्याखालील कर बसवण्यासाठी प्रत्येक घराचे आणि शेताचे मोल ठरवण्यात आले. त्यात जमीन धारण करणाऱ्याचे नाव आहे, ती ज्याच्याकडून धारण केली त्याचे नाव आहे, क्षेत्र आहे आणि मोल आहे. त्या जमिनीवर कोण राबत होते, चुलीपाशी कोण बसले होते, कोणाची मुले अंगणात खेळत होती, याचा उल्लेख नाही. पत्नीचे नाव नाही, मुलांची नावे नाहीत, गडी-मोलकरणींची नाहीत. हंगामापुरता तुकडा घेऊन त्यावर बटाटे लावणारा भूमिहीन मजूर तर त्या पुस्तकांत बहुधा शोधूनही सापडत नाही.

ज्या सर्वेक्षणाच्या नकाशांवर हे मूल्यांकन उभे होते त्या सर्वेक्षणाची रीत अभ्यासण्यासाठी हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट १८२९ मध्ये आयर्लंडला गेले होते. साम्राज्याची मोजणीची शिस्त सर्वत्र एकाच घडणीची होती. जमीन इंचाइंचाने मोजायची आणि माणूस त्याच्या देण्यापुरताच मोजायचा, हे तिचे सूत्र. म्हणूनच आज बोस्टनहून आलेल्या एखाद्या शिक्षिकेला आपल्या खापरपणजोबांचे नाव प्रथम दिसते ते कोणाचा मुलगा, कोणाचा बाप म्हणून नव्हे. इतक्या एकरांवर इतके शिलिंग देणे असलेले कूळ म्हणून दिसते.

याला मोठा अपवाद कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्मा व विवाहांच्या वह्यांचा. धर्मगुरूंनी, पुष्कळदा लॅटिनमधून, बाळाचे नाव, बापाचे नाव आणि आईचे माहेरचे आडनाव लिहून ठेवले. आयरिश कष्टकरी स्त्रीचे स्वतःचे नाव जर कोठे टिकले असेल तर ते प्रामुख्याने येथे. परंतु पश्चिमेकडील दरिद्री भागांतील पुष्कळ वह्या उशिराच्या, म्हणजे दुष्काळापूर्वीच्या दोन-तीन दशकांतल्या. सर्व जन्म, मृत्यू आणि विवाहांची सरकारी नोंदणी सुरू झाली १८६४ मध्ये. बिगर-कॅथलिक विवाहांची मात्र ती १८४५ पासूनच होत होती. राज्यसंस्थेने कोणाला आधी ओळखले आणि कोणाला ताटकळत ठेवले हे या दोन सालांवरून उघड होते. तोवर लाखो माणसे दुष्काळात मेली होती, लाखो देश सोडून गेली होती.

जळालेले आणि लगदा झालेले

आयर्लंडमध्ये जनगणनेला १८२१ मध्ये प्रारंभ झाला आणि पुढे दर दहा वर्षांनी ती होत राहिली. ही पत्रके शाबूत असती तर लाखो कुटुंबांची सर्व माणसे नावानिशी सापडली असती. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतील सरकारी अभिलेखागार स्फोट होऊन भस्मसात झाले. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांची जवळजवळ सर्व पत्रके आणि अँग्लिकन चर्चच्या निम्म्याहून अधिक वह्या त्यात गेल्या. ही आग आयरिश लोकांच्या मनात घर करून आहे, आणि पूर्वज न सापडण्याचे खापर सहसा तिच्याच माथी फोडले जाते.

परंतु हे अर्धे सत्य आहे. १८६१ आणि १८७१ च्या जनगणनांची पत्रके कोणत्याही आगीत गेली नाहीत. आकडेवारी काढून झाल्यावर सरकारी आदेशानेच ती नष्ट करण्यात आली. १८८१ आणि १८९१ ची पत्रके पहिल्या महायुद्धाच्या काळात कागदाच्या टंचाईपायी लगद्यासाठी दिली गेली. चार जनगणना बंदुकीने नेल्या आणि चार कारकुनी लेखणीने. बंदुकीची आठवण राहते, लेखणीची राहत नाही. सरकारला गरिबांची बेरीज हवी होती. नावे हवी होती ती केवळ बेरीज होईपर्यंत.

१९०१ आणि १९११ या दोन जनगणनांची पत्रके तेवढी शाबूत राहिली. १९११ च्या पत्रकात प्रत्येक विवाहित स्त्रीला एक प्रश्न विचारला होता: एकूण मुले किती झाली आणि त्यांतली हयात किती? डब्लिनच्या गलिच्छ चाळींतील पत्रकांवर या दोन रकान्यांतील आकड्यांत पडलेले अंतर वाचले, म्हणजे त्या शहराच्या अर्थव्यवस्थेवर वेगळे भाष्य करण्याची गरज उरत नाही.

पण ही पत्रकेही डोळे मिटून विश्वास ठेवण्याजोगी नाहीत. समाजवादी नेते जेम्स कॉनोली यांचा जन्म १८६८ मध्ये एडिंबरोच्या काउगेट या गरीब वस्तीत झाला. त्यांचे आईवडील देशांतर केलेले आयरिश होते. १९११ च्या पत्रकात मात्र त्यांचे जन्मस्थान आयर्लंडमधील मोनॅहन असे लिहिलेले आहे. परदेशात जन्मलेल्या मजुराच्या पोराला आपण कोठले म्हणून ओळखले जावे याची निवड करावीशी वाटली, एवढाच याचा अर्थ. पूर्वजांचा शोध घेणाऱ्या आजच्या मंडळींच्या मनातही बहुधा हीच भूक असते, आणि ती तुच्छ लेखण्याचे कारण नाही.

‘देशांतर’ हा सौम्य शब्द

वंशावळींच्या पुस्तकांत एक वाक्य वारंवार येते: अमुक पूर्वजाने १८४७ मध्ये अमेरिकेस ‘देशांतर केले’. या वाक्यात कर्ता तो पूर्वज आहे. इतिहासात कर्ते वेगळेच होते.

१८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला. १८४१ मध्ये ८१ लाख ७५ हजार असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये सुमारे ६५ लाख ५० हजारांवर आली. दहा लाखांच्या आसपास माणसे मेली आणि दहा लाखांहून अधिक बाहेर पडली. रोग निसर्गाचा होता. दुष्काळ निसर्गाचा नव्हता. याच वर्षांत आयर्लंडच्या बंदरांतून धान्य आणि जनावरे इंग्लंडला जात होती. मदतकार्याची सूत्रे ट्रेझरीतील ज्या चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांच्या हाती होती, ते आधी कंपनी सरकारच्या नोकरीत हिंदुस्थानात होते आणि पुढे १८५९ मध्ये मद्रासचे गव्हर्नर झाले. बाजाराच्या नियमांत ढवळाढवळ करू नये आणि फुकटच्या अन्नाने गरीब आळशी होतो, ही त्यांची श्रद्धा होती. १८४७ च्या कायद्यात तर अशी अट घालण्यात आली की पाव एकराहून अधिक जमीन धारण करणाऱ्याला ती सोडल्याखेरीज मदत मिळणार नाही. जगायचे असेल तर जमीन सोडा, असा हा शासकीय सौदा होता. शिवाय चार पौंडांहून कमी मोलाच्या शेतांवरील दरिद्री-निर्वाहाचा कर जमीनदाराने भरायचा असल्यामुळे, लहान कुळे उठवून लावणे हाच त्याच्या फायद्याचा मार्ग ठरला.

रॉसकॉमन काउंटीतील स्ट्रोक्सटाऊन येथील जहागिरीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. कुळांना दरिद्रीगृहात पोसण्यापेक्षा जहाजाचे भाडे भरून कॅनडास धाडणे कितीतरी स्वस्त पडते, असा हिशेब जमीनदार डेनिस माहोन यांच्या कारभाऱ्याने मांडला. त्यानुसार मे १८४७ मध्ये १,४९० माणसे घराबाहेर काढण्यात आली. रॉयल कालव्याच्या काठाने सुमारे १६५ किलोमीटर चालत ती डब्लिनला पोहोचली, तेथून लिव्हरपूलला आणि तेथून क्वेबेककडे. त्यांना नेणाऱ्या जहाजांपैकी ‘व्हर्जिनियस’वर ४७६ प्रवासी चढले होते; १५८ वाटेतच मेले. सेंट लॉरेन्स नदीतील ग्रोस ईल या विलगीकरणाच्या बेटावर त्या एका वर्षात पाच हजारांहून अधिक माणसे पुरली गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात माहोन यांचा गोळ्या घालून खून झाला.

या १,४९० माणसांची माहिती टिकली कशी? त्यांना हाकलण्याचा खर्च झाला होता आणि खर्चाचा हिशेब ठेवणे भाग होते, म्हणून. जहागिरीच्या वाड्यात पडून राहिलेले ते कागद पुढे उजेडात आले आणि १९९४ मध्ये त्याच वाड्यात दुष्काळाचे राष्ट्रीय संग्रहालय उभे राहिले. आज कॅनडातील एखादे कुटुंब त्या यादीतून आपला पूर्वज शोधून काढते तेव्हा जे हाती येते ती वास्तविक बेदखलीची पावती असते.

गरिबांनी स्वतः ठेवलेल्या नोंदी

असे असले तरी सर्वच कागद मालकांचे नाहीत. परमुलखात फेकल्या गेलेल्या माणसांनी परस्परांना शोधण्यासाठी जे लिहिले, ते या साऱ्या शोधातील सर्वात मोलाचे साधन ठरले आहे. बोस्टनच्या ‘पायलट’ या पत्रात १८३१ पासून १९२१ पर्यंत हरवलेल्या आप्तांच्या जाहिराती छापल्या जात. भाऊ कालव्याच्या कामावर गेला तो परतला नाही. नवरा रेल्वेच्या बांधकामावर गेला, त्याचे पत्र नाही. अशा हकिकतींबरोबर त्या माणसाची काउंटी, पॅरिश आणि कित्येकदा टाऊनलँडही दिलेली असे. आयरिश पूर्वजांचे आद्य संशोधक कोणी विद्वान नव्हते. कामावरून थकून आल्यावर दुसऱ्याकडून चार ओळी लिहवून घेणाऱ्या मोलकरणी आणि खोदकामाचे मजूर हेच ते.

न्यूयॉर्कमध्ये १८५० साली स्थापन झालेल्या ‘एमिग्रंट सेव्हिंग्ज बँके’च्या वह्यांची गोष्टही अशीच. पुष्कळ खातेदारांना सही करता येत नसे. म्हणून ओळख पटवण्यासाठी त्यांना जन्मगाव, आईबापांची नावे, भावंडे, ज्या जहाजाने आले त्याचे नाव असे प्रश्न विचारून उत्तरे लिहून ठेवत. धुणे धुणाऱ्या बाईने आपल्या चार डॉलरांच्या रक्षणासाठी सांगितलेले ते तपशील आज तिच्या गावापर्यंत पोहोचण्याची एकमेव वाट ठरतात. स्वदेशातील सरकारी दप्तराने जिचे नाव लिहिण्याची तसदी घेतली नव्हती, तिने परदेशात आपले गाव, आपली आई आणि आपले बहीणभाऊ तोंडपाठ ठेवले होते.

दोन ॲनी मूर

पूर्वजांच्या शोधात समाज काय शोधतो आणि काय नजरेआड करतो, याचे सर्वात बोधप्रद उदाहरण ॲनी मूर हिचे. न्यूयॉर्कजवळील एलिस बेटावरचे स्थलांतरितांचे केंद्र १ जानेवारी १८९२ रोजी उघडले, तेव्हा तेथे पहिली नोंद झाली ती कॉर्कहून दोन लहान भावांसह आलेल्या या सतरा वर्षांच्या मुलीची. अधिकाऱ्यांनी तिला दहा डॉलरचे सोन्याचे नाणे भेट दिले. पुढे कोव्ह बंदरात आणि एलिस बेटावर तिचे पुतळे उभे राहिले.

अनेक वर्षे सर्वांची अशी समजूत होती की ही ॲनी पश्चिमेकडे टेक्ससला गेली, तेथे संसार केला आणि १९२३ मध्ये एका अपघातात वारली. त्या बाईच्या वंशजांना समारंभांना बोलावले जाई. मेहनती मुलगी बोटीतून उतरते, पश्चिमेची मोकळी जमीन गाठते आणि नशीब काढते, ही कहाणी अमेरिकेला हवीच होती. २००६ मध्ये वंशावळ-संशोधक मेगन स्मोलेन्याक यांनी कागदपत्रांनिशी दाखवून दिले की टेक्ससची ॲनी मूर जन्माने इलिनॉयची होती. तिने कधी अटलांटिक ओलांडलाच नव्हता. खरी ॲनी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडच्या दाट चाळींतून आयुष्यभर बाहेर पडली नाही. एका जर्मन बेकऱ्याच्या मुलाशी तिने लग्न केले, दहाहून अधिक मुलांना जन्म दिला, त्यांतली कित्येक लहानपणीच गमावली आणि १९२४ मध्ये पन्नाशीच्या आसपास ती मरण पावली. क्वीन्समधील कॅल्व्हरी दफनभूमीत तिच्या थडग्यावर २००८ पर्यंत साधा दगडही नव्हता.

एका सामान्य नावाच्या घोटाळ्याची ही गोष्ट म्हणून सोडून देता येईल. परंतु घोटाळा नेमका याच दिशेने का व्हावा? पश्चिमेला जाऊन सुखी झालेली ॲनी मिळताच कोणालाही चौकशीची गरज भासली नाही. चाळीत राहिलेल्या ॲनीचा शोध घ्यावा असे कोणाला वाटले नाही, कारण तिच्या आयुष्यातून काढण्याजोगे तात्पर्य सोयीचे नव्हते. कागद प्रामाणिकपणे वाचला तर तो दंतकथा मोडतो. आणि प्रामाणिक वंशशोधाचे समाजाला होणारे काम हेच आहे.

पूर्वजांचा बाजार

जेथे भूक आहे तेथे बाजार येतोच. अमेरिकी अध्यक्षांच्या आयरिश मुळांचे प्रकरण याच बाजाराचा दर्शनी भाग म्हणता येईल. १९६३ मध्ये केनेडी वेक्सफर्डला आले, त्यांचे पणजोबा तेथून गेले होते. १९८४ मध्ये रेगन बॅलिपोरीनला आले, तेव्हा त्यांच्या मध्य अमेरिकेतील धोरणाविरुद्ध आयर्लंडमध्ये निदर्शनेही झाली. २०११ मध्ये ओबामा मनीगॉलला आले. १८५० मध्ये तेथून गेलेल्या एका चांभाराच्या मुलाचे ते वंशज. आता त्या गावाजवळच्या महामार्गावर ओबामांच्या नावाचा पेट्रोलपंप आणि उपाहारगृहांचा तळ उभा आहे. देशोधडीला लागलेल्या चांभाराच्या पोराचे स्मारक असे झाले!

हे विनोद म्हणून सोडता येईल; मोठ्या कंपन्यांचा व्यवहार तसा सोडता येणार नाही. वंशावळीची माहिती वर्गणी घेऊन विकणारी ‘अँसेस्ट्री’ ही कंपनी २०२० मध्ये ‘ब्लॅकस्टोन’ या गुंतवणूक संस्थेने ४.७ अब्ज डॉलरला विकत घेण्याचा करार केला. लाळेच्या नमुन्यावरून वंश सांगणारी एक बडी अमेरिकी कंपनी २०२५ मध्ये दिवाळखोरीत निघाली तेव्हा सुमारे दीड कोटी ग्राहकांची जनुकीय माहिती ही लिलावात काढण्याजोगी मालमत्ता ठरली. ज्यांची जमीन गेली, घर गेले, त्यांच्या नातवंडांचे रक्तही ताळेबंदात जमेच्या बाजूस लिहिले गेले.

याउलट आयर्लंडच्या सार्वजनिक संस्थांनी जे केले त्याची नोंद कृतज्ञतेने घेतली पाहिजे. १९०१ आणि १९११ च्या जनगणनेची सर्व पत्रके राष्ट्रीय अभिलेखागाराने इंटरनेटवर विनामूल्य खुली केली. २०१५ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयाने हजाराहून अधिक कॅथलिक पॅरिशांच्या वह्यांची सुमारे पावणेचार लाख छायाचित्रे त्याच रीतीने खुली केली. १९२२ च्या आगीला शंभर वर्षे झाली त्या मुहूर्तावर डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने, जगभरच्या ग्रंथालयांत विखुरलेल्या प्रती गोळा करून जळालेल्या दप्तराची शक्य तेवढी पुनर्रचना सुरू झाली. तीही सर्वांसाठी खुली आहे. कुळांच्या खंडातून आणि करातून जे दप्तर उभे राहिले ते कुळांच्या वंशजांना पुन्हा विकत घ्यावे लागू नये, हे तत्त्व साधे आहे. समाजवाद्यांनी कारखाने आणि जमीन यांच्या सार्वजनिक मालकीबद्दल पुष्कळ लिहिले. स्मृतीच्या सार्वजनिक मालकीबद्दलही आता तितक्याच आग्रहाने बोलले पाहिजे.

रक्ताचा हक्क आणि घामाचा हक्क

या शोधाचा शेवट भावनेत होतो असे नाही. पुष्कळदा तो पासपोर्टात होतो. आजोबा किंवा आजी यांपैकी एकजण आयर्लंड बेटावर जन्मला होता हे कागदांनी सिद्ध केले की, त्या देशात कधी पाऊल न टाकलेल्या माणसालाही परदेशी जन्मांच्या नोंदवहीत नाव घालून आयरिश नागरिक होता येते. हाकलून लावलेल्यांच्या नातवंडांना दार उघडे ठेवणे यात अन्याय काहीच नाही. अन्याय आहे तो दुसऱ्या दारापाशी. जून २००४ मध्ये आयर्लंडने सार्वमत घेतले आणि सुमारे ७९ टक्के मतांनी, त्या भूमीवर जन्मलेल्या प्रत्येक बालकाचा नागरिकत्वाचा आपोआप मिळणारा हक्क काढून टाकला. लेबर पक्षाने या दुरुस्तीस विरोध केला होता. तो व्यर्थ गेला. तेव्हापासून, आईबापांपैकी कोणीही आयरिश वा ब्रिटिश नसेल तर त्यांच्या कायदेशीर वास्तव्याची वर्षे मोजून बाळाचे नागरिकत्व ठरते. डब्लिनच्या रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या केरळी परिचारिकेचे तेथेच जन्मलेले मूल आणि बोस्टनमध्ये वाढलेला वकील यांच्यापैकी कोणाचा हक्क निर्विवाद, याचे उत्तर आता खापरपणजोबांच्या टाऊनलँडमध्ये शोधायचे!

येथे महाराष्ट्राशी असलेला एक दुवा आठवणे अप्रस्तुत ठरणार नाही. २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर हे सिंधुदुर्गातील मालवण तालुक्याच्या वराड गावाहून गेलेल्या एका डॉक्टरांचे पुत्र. डिसेंबर २०१९ मध्ये ते वडिलांच्या गावी आले तेव्हा गावाने त्यांचे कौतुकाने स्वागत केले. त्यांचे राजकारण उजव्या वळणाचे. त्याच्याशी समाजवाद्यांचे जमण्याजोगे नाही. पण परक्या देशातून आलेल्या माणसाचा मुलगा त्या देशाचे नेतृत्व करू शकतो, एवढी गोष्ट त्यांच्या उदाहरणाने सिद्ध झाली. त्याच आयर्लंडमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये परकीयद्वेषाचे निमित्त करून दंगल उसळली आणि २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनच्या परिसरात भारतीयांवर हल्ले झाले. ‘आयर्लंड भरले आहे’ ही तेथील परकीयविरोधकांची घोषणा आहे. बेटाची लोकसंख्या आजही १८४१ च्या आकड्याला पोहोचलेली नाही. ज्या देशातून जमीनदारांनी माणसे उपसून काढली, त्या देशाने भरल्याची तक्रार करावी, याला विस्मरण म्हणावे की आणखी काही?

खरा वारसा कोणता?

तेव्हा प्रश्न पूर्वज शोधावेत की नाहीत, हा नाही. ज्याचे नाव पुसले गेले त्याला ते परत हवे असते. आणि नावे पुसणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध लढणाऱ्यांनी या इच्छेची टवाळी करणे शोभत नाही. प्रश्न सापडलेल्या पूर्वजाचे काय करायचे, हा आहे. त्याला भिंतीवर टांगून स्वतःच्या यशाची पायरी करता येते. त्याच्या दुःखाचे भांडवल करून ‘आमचे पूर्वज कष्टाने वर आले, आजच्यांना का जमत नाही’ असेही विचारता येते, आणि अमेरिकेतील काही आयरिश नावांचे राजकारणी दक्षिणेकडून येणाऱ्या निर्वासितांबद्दल हेच बोलत आले आहेत. किंवा त्या पूर्वजाला ज्यांनी उठवले त्यांचे नियम ओळखून, ते नियम आज कोणाला उठवत आहेत हे पाहता येते.

मायकेल डेव्हिट यांनी हा तिसरा मार्ग धरला. त्यांचा जन्म १८४६ मध्ये, ऐन दुष्काळात, मेयो काउंटीत झाला. १८५० मध्ये त्यांच्या कुटुंबाला घरातून काढण्यात आले. ते लँकेशायरला गेले. अकराव्या वर्षी कापडगिरणीच्या यंत्रात डेव्हिट यांचा उजवा हात गेला. आपले गाव, आपली टाऊनलँड, आपला जमीनदार त्यांना शोधावा लागला नाही. तो सारा इतिहास त्यांच्या देहावर कोरलेला होता. १८७९ मध्ये त्यांनी आयर्लंडमध्ये लँड लीगची स्थापना घडवून आणली आणि जमीन कसणाऱ्याची व्हावी या मागणीभोवती लाखो कुळे संघटित झाली. घराणे म्हणून डेव्हिट यांना काही मिळाले नव्हते. कूळ म्हणून जे मिळाले होते, त्यातून त्यांनी एका देशाच्या जमिनीचा इतिहास बदलला.

अभिलेखागारात बसून पिवळ्या पडलेल्या पानावर बोट फिरवणाऱ्या माणसाला शेवटी एक नाव सापडते आणि त्याच्या डोळ्यांत पाणी येते. ते पाणी खरे आहे. फक्त त्याने त्या ओळीतला शेजारचा रकानाही वाचावा. नावासमोर एकर आहेत, शिलिंग आहेत आणि मालकाचे नाव आहे. डब्लिनच्या रस्त्यावर बाहेर पडल्यावर त्याला ज्या खोलीत आठजण दाटीवाटीने राहतात, ज्या मजुराचा परवाना मालकाच्या मर्जीवर आहे, ज्या मुलाचे नागरिकत्व आईच्या वास्तव्याचे महिने मोजून ठरते, ती माणसे भेटतील. त्यांचे आडनाव वेगळे असेल, वर्ण वेगळा असेल. रकाना तोच आहे. त्यांना ओळखता आले तरच पूर्वज सापडला, असे म्हणता येईल.